सगळे चालतात, साहेब!

क्रॉफर्ड मार्केटच्या गल्लीतला मासेवाला सगळं विचारतो, टाकी केवढी ते सोडून. "सगळे चालतात साहेब, मिळूनमिसळून राहतात." राहतात खरे. एंजल लहान असेपर्यंत निऑन टेट्राही सुखात असतात. मग ते एकेक करून दिसेनासे होतात आणि एंजलचं पोट तेवढं दिसू लागतं. दोघेही अमेझॉन खोऱ्यातले, मऊ पाण्याचे, म्हणजे गाववालेच. चव ओळखीची.

टायगर बार्ब दोनच आणले, तर ते गप्पीची शेपटी निवांत कुरतडतात. आठ-दहा आणले, तर बहुतेक वेळ आपसातच भांडतात आणि शेजारी सुटतात. (इथे एक राजकीय वाक्य सुचतंय, पण राहू दे.) गोल्डफिश थंड पाण्याचा, त्याला हीटरवाल्या टाकीत घालणं हा पाहुणचार नव्हे. 'काच साफ करतो' म्हणून गळ्यात मारलेला बोटभर सकर पुढे फूटभर होतो आणि साफ करतो त्याहून जास्त घाण करतो. फायटर नर दोन घ्या की एक, शेवटी एकच उरतो.

आणि भाग्य उजळायला फ्लॉवरहॉर्न हवाच असेल, तर बाकीच्या माशांची यादी जरूर करा. त्याला जेवणात काय काय आहे ते कळेल.