डॉ. सालाझार यांना अनावृत पत्र

कै. डॉ. सालाझार,
माजी पंतप्रधान, पोर्तुगाल, यांसी



आपण १९७० साली वारलात हे ठाऊक आहे. तरी पत्र आपल्यालाच लिहिते, कारण हयात असलेल्यांपैकी जो तो मला दुसऱ्या खिडकीवर पाठवतो.

आपल्या देशातल्या एका विद्यापीठात मला मास्टर्स करायचं आहे. ऑनलाइन अर्जात नाव, जन्मतारीख, गुण इथवर सगळं सुरळीत झालं. मग 'नागरिकत्व' आलं. यादीतून एकच देश निवडा, म्हणे.

आपण कुइंब्रा विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक, म्हणून थेट पैशांवर येते. त्या आपल्या कुइंब्रात पदवीला पोर्तुगीज विद्यार्थ्याची वर्षाची फी सुमारे ७०० युरो, परदेशी विद्यार्थ्याची ७०००. पदव्युत्तरचे आकडे विषयागणिक बदलतात, पण दोन रांगा पुष्कळ ठिकाणी असतात. 'आंतरराष्ट्रीय विद्यार्थी' हा वर्ग आपल्याकडे २०१४ च्या कायद्याने आला. पोर्तुगालचं नागरिकत्व असलेला त्यात बसत नाही, मग त्याने लिस्बन फक्त नकाशात पाहिलेलं का असेना.

मीही नकाशातच पाहिलंय. पण माझे बाबा १९५९ साली गोव्यात, फोंड्याला जन्मले, म्हणजे आपल्या राज्यात. १९६१ च्या १९ डिसेंबरला आपले गव्हर्नर भारतीय सैन्याला शरण आले. आपण मात्र त्यांना हुकूम दिला होता की सैनिक एकतर जिंकलेले हवेत किंवा मेलेले! आपला तो हट्ट आपल्यानंतरही टिकला. गोवा भारताचा आहे हे लिस्बनने मान्य केलं ते थेट १९७४ च्या ३१ डिसेंबरला, करारावर सही करून. तोवर तिकडच्या दप्तरी आम्ही पोर्तुगीजच. आणि पुढेही ते दार बंद झालं नाही: डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून नागरिकत्व घेता येतं. गोव्यात याला 'बिलेत काढणं' म्हणतात. निम्म्या वाड्याने काढलंय.

अडचण अशी की नोंद साखळीने होते. आधी बाबांचा जन्म, मग आई-बाबांचं लग्न, मग मी. म्हणजे माझ्या फीसाठी पहिल्यांदा बाबांनी पोर्तुगीज व्हायचं. बाबा निवृत्त शिक्षक. त्यांचे वडील, माझे आजोबा, आपल्याविरुद्ध सत्याग्रह करून आग्वादच्या तुरुंगात राहून आलेले. त्यांचं स्वातंत्र्यसैनिकाचं मानपत्र दिवाणखान्यात लटकतंय, आणि त्याच्या बरोब्बर खाली टेबलावर बाबांचा पोर्तुगीज जन्मदाखला पडलाय. त्यात आजोबांच्या 'शंकर'ची सुरुवात 'एक्स'ने होते, आधार कार्डावर 'एस'ने. दोन्ही शंकर एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून झालं आहे.

"ज्यांना माझ्या बापाने घालवलं, त्यांच्याकडे मी अर्ज करू?" बाबा कडाडले. मग चष्मा पुसत म्हणाले, "फी किती म्हणालीस?"

माझी नोंद झाली की आपला कायदा म्हणणार, ही बाई जन्मापासूनच पोर्तुगीज. पण फीचा नियम तितका उदार नाही. शिकता शिकता नागरिकत्व मिळालं, तर 'आंतरराष्ट्रीय'पण सुटतं ते पुढल्या शैक्षणिक वर्षापासून. जन्मापासूनची थकबाकी सोडाच, चालू वर्षाचीही सूट नाही.

इकडे दिल्लीचा हिशेब वेगळा. भारताला दोन नागरिकत्वं चालत नाहीत, आणि परदेशी पासपोर्ट घेतला की तो आपखुशीने दुसऱ्या देशाचे झाल्याचा निर्णायक पुरावा. मग भारतीय पासपोर्ट परत करा, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड घ्या; मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि भारतीय नागरिकांसाठीच्या शिष्यवृत्त्यांचं तर नावच नको. म्हणजे फी वाचवायला जे कागद काढायचे, तेच शिष्यवृत्ती घालवणार. भारतीय राहिले तर शिष्यवृत्तीची आशा आणि परदेशी फी. पोर्तुगीज झाले तर देशी फी आणि शिष्यवृत्तीला मुकणं. आपण अंदाजपत्रकं जुळवण्यासाठी प्रसिद्ध होता. हे जुळवून दाखवा.

इंग्लंडचा पर्यायही पाहिला. आत्तेभाऊ बिलेत काढून स्विंडनला गेला, तो ब्रेक्झिटच्या आधी. आता तिथे नव्याने जाणाऱ्या युरोपीय विद्यार्थ्यालाही परदेशी फी आणि व्हिसा, दोन्ही. विषय संपला.

१९६८ साली आपण पडलात, आजारी झालात, आपल्या जागी काएतानो आले. पण आपण आता पंतप्रधान नाही, हे म्हणे आपल्याला शेवटपर्यंत कोणी सांगितलंच नाही. आजोबांचंही तसंच. आपण अजून लिस्बनच्या लेखी पोर्तुगीज आहोत, हे त्यांनाही कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी पुन्हा सत्याग्रह केला असता, आणि माझा अर्ज तिथेच बारगळला असता.

तर विनंती एवढीच. अर्जाला दोन शिफारसपत्रं लागतात, एक मिळालं आहे. दुसरं आपण द्यावं. गोवा ही वसाहत नाही, पोर्तुगालचाच प्रांत आहे, असं आपलं सरकार संयुक्त राष्ट्रांत ठासून सांगत होतं. तेच आता प्रवेश समितीला सांगायचं, एका पानात, सहीशिक्क्यानिशी. फाइल पीडीएफच हवी. 'अर्जदाराला किती वर्षांपासून ओळखता?' या प्रश्नापुढे 'तिच्या जन्माआधीपासून' असं लिहावं. 'अर्जदाराशी नातं' हा रकाना मात्र कोरा ठेवा, तो बाबा वाचतील.

आपली,
(निकाल लागेपर्यंत) भारतीय,
एक अर्जदार, फोंडा