ऑर्किडचं गुपित आणि देवळालीचा ताप

काय दिवस आलेत बघा! पूर्वी सकाळी फिरायला निघालेली निवृत्त मंडळी रक्तातली साखर, सुनेचा स्वभाव आणि पेन्शनचा फरक यांच्यावर बोलायची. हल्ली त्यांच्या तोंडी 'फरागो' असतो.

हे खूळ आणलं शशी थरूर यांनी. मे २०१७ मध्ये एका वृत्तवाहिनीवर भडकून त्यांनी ट्विटरवर हा शब्द भिरकावला आणि अर्धा देश शब्दकोशाकडे धावला. त्या शब्दाचा शोध एकाएकी किती वाढला, हे ऑक्सफर्डवाल्यांनी स्वतःच जाहीर केलं. बरं, शोधून हाती काय लागलं? लॅटिनमध्ये फरागो म्हणजे गुरांपुढे टाकायचं, नाना धान्यं कालवलेलं खाद्य. म्हणजे आंबोणच की हो! गृहस्थाने वाहिनीच्या बातम्यांना आंबोण म्हणावं आणि ऐकणाऱ्यांनी 'काय ते इंग्रजी!' म्हणत माना डोलवाव्यात?

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात स्वतःच्या पुस्तकाची वर्दी देताना त्यांनी इंग्रजी २९ अक्षरांचं 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' सोडलं. अर्थ इतकाच, की एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं. 'कशाचीही किंमत नाही' अशा अर्थाचे चार लॅटिन शब्द इंग्रज पोरांना व्याकरणात घोकावे लागत. बहुधा वैतागूनच कोणीतरी त्या चारांची एक मालगाडी जोडली. विल्यम शेन्स्टन या कवीच्या १७४१ मधल्या पत्रात ती धावताना दिसते. आमच्या ओळखीच्या एका आजोबांनी ती नातवाकडून पाठ करून घेतली आहे. पाहुणे आले की पोराला मध्ये उभं करतात. रामरक्षा राहिली बाजूला.

नुसत्या अर्थावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण मंडळी आता शब्दांच्या घराण्यात शिरली आहेत, आणि स्थळाची चौकशी करायला गेलेल्या आत्याबाईंना जे सापडतं, तेच यांना सापडतंय. ऑर्किड घ्या. किती नाजूक, किती महागडं फूल! त्याचं मूळ ग्रीक 'ऑर्किस', आणि ऑर्किस म्हणजे... जरा जवळ या, मुलं ऐकताहेत... वृषण. काही जातींना जमिनीखाली दोन कंद असतात ना, त्यांच्या आकारावरून! आणि आपण तीच फुलं लग्नात नवरानवरीच्या मागे हौसेने टांगतो. बिल्डरांनी तर अख्ख्या इमारतींना हे नाव दिलंय. आता त्या पत्त्यावर पत्रिका पाठवायची म्हणजे हात आखडतो हो.

अग्रलेखांत ऐटीत मिरवणारा 'पेटार्ड' काही कमी नाही. हॅम्लेटमुळे त्याला केवढी प्रतिष्ठा! किल्ल्याचा दरवाजा उडवायचा तो सुरुंग. त्याचं नाव मात्र फ्रेंच भाषेत माणूस पोट बिघडल्यावर चारचौघांत जे दाबून ठेवतो, त्यावरून पडलंय. आणि 'नाइस'? त्याचा लॅटिन मूळपुरुष अडाणी, आणि मध्ययुगीन इंग्रजीत 'नाइस' माणूस म्हणजे मूर्ख माणूस. तुमच्या फोटोखाली कोणी 'नाइस' लिहिलं असेल, तर कोणत्या शतकातलं लिहिलंय ते एकदा विचारून घ्या.

त्यात खोट्या वंशावळी वेगळ्याच. 'पॉश'ची कथा तुम्हालाही आली असेलच. विलायत ते मुंबई बोटीत पैसेवाले जाताना एका बाजूच्या आणि येताना दुसऱ्या बाजूच्या, उन्हापासून लांबच्या खोल्या घेत, तिकिटावर तशी चार आद्याक्षरं छापत, तोच 'पॉश'. गोष्ट झकास आहे. फक्त तसं छापलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. पण आपण तरी कोणत्या तोंडाने हसावं? व्हॅटिकन म्हणजे आपली वाटिका, असं छातीठोकपणे लिहिणारे पु. ना. ओक आपल्यातलेच.

मुंबईही यातून सुटलेली नाही. २३ नोव्हेंबर २०१९ चा तो गाजलेला शपथविधी आठवतोय ना? त्या दिवशी थरूरांनी 'स्नॉलीगॉस्टर' हा आपला जुना शब्द पुन्हा बाहेर काढला. अमेरिकन बोलीत धूर्त, तत्त्वशून्य राजकारण्याला तसं म्हणतात. पहिला वापर १८४५. सर्वांत अलीकडचा वापर म्हणून त्यांनी त्याच दिवसाची तारीख टाकली आणि पुढे लिहिलं, मुंबई. कोणाला उद्देशून, ते आम्ही कशाला बोलू? मेरियम-वेब्स्टरने हा शब्द कोणी वापरत नाही म्हणून २००३ मध्ये कोशाबाहेर काढला होता आणि २०१७ मध्ये परत आत घेतला. पक्षांतच हे चालतं असं वाटत होतं.

आणि ज्यांना परके म्हणून घोकतो, त्यातले काही तर घरचेच निघतात. 'मंगूझ' म्हणजे आपलं मुंगूस. त्याचं इंग्रजी अनेकवचन काय, यावर इंग्रजी शाळेतली आपलीच मुलं मार्क घालवतात. 'डंगरी' हे मूळचं जाडंभरडं सुती कापड, नाव डोंगरीवरून पडलं म्हणतात. आता त्याच नावाची चड्डी मॉलमध्ये काय भावाने विकतात ते विचारू नका.

पण सगळ्यांत भारी नातेवाईक नाशिकजवळचा. इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला 'डुलाली' म्हणतात. ती आपली देवळाली! नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई तिथल्या छावणीत बोटीची वाट बघत बसायचे. सैन्याच्या बोटी हिवाळ्याच्या मोसमातच सुटत. मोसम संपता संपता पोचलेल्या गड्याला महिनोन्महिने ना काम, ना कवायत. ऊन, दारू, भांडणं. मग कोणी भिंतीशी बोलायचा, कोणी तुरुंगात जायचा. या प्रकाराला त्यांनी 'डुलाली टॅप' नाव दिलं, आणि त्यातला 'टॅप' म्हणजे आपला साधा ताप. शिपाई गेले, शब्द लंडनला पोचला, आणि तिकडच्या आज्या आजही विसरभोळ्या नवऱ्याला तो मारतात. इकडे मुंबईकरांनी त्याच देवळालीत बंगले नि आरोग्यभवनं बांधली. हवापालटाला. डोकं शांत व्हावं म्हणून!