लिनक्सवर तीनताल : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

हे कोणासाठी

घरात जुना कॉम्प्युटर आहे, त्यात रियाजाचं तबला-तानपुऱ्याचं सॉफ्टवेअर आहे आणि ते फक्त विंडोजवर चालतं. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. दिवाळीला भाचा आला आणि म्हणाला, "मामा, विंडोज ११ काही या डब्यावर चढणार नाही. लिनक्स टाकून देतो." टाकून दिलं आणि सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं सोलापूरहून पुण्याला निघून गेला. ही हकिगत ज्या घरात घडली, त्या घरासाठी हे मार्गदर्शन आहे.

साहित्य

सॉफ्टवेअरची सेटअप फाइल, हेडफोन, भाच्याचा नंबर, रात्री जागायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. चटणीचं तेल कीबोर्डला लागणार, हे गृहीत धरावं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असतात. त्याच्या आदल्या महिन्यात हे काम काढू नये. अर्थात, काढलं जातं ते नेमकं तेव्हाच.

पायरी १ : डबल क्लिक

सेटअप फाइलवर डबल क्लिक करा. काही होणार नाही. पुन्हा करा. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम सारखा काहीतरी मागत असतो: चौकट काढ, फाइल उघड, आवाज सोड. या मागण्या विंडोजच्या पद्धतीच्या असल्यामुळे लिनक्स त्यांना दाद देत नाही. तिसऱ्यांदा जोरात क्लिक केल्यानं फरक पडत नाही.

पायरी २ : वाईन

वाईन हे मोफत सॉफ्टवेअर आहे. नावावरचा विनोद घरातल्या सगळ्यांचा करून झाला की पुढे जावं. प्रोग्रामची प्रत्येक मागणी लिनक्सला झेपेल अशा रूपात पुढे करायची, एवढंच त्याचं काम. त्यासाठी अख्खं विंडोज लागत नाही. त्याची सुरुवात १९९३ ची आणि १.० ही आवृत्ती आली जून २००८ मध्ये. ज्यांच्या गुरुजींनी पहिली तीन वर्षं भूपच घोटून घेतला, त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

वाईन तुमच्या होम फोल्डरमध्ये एक लपलेलं फोल्डर करतं आणि त्यात चक्क सी ड्राइव्ह मांडतं. घोळ झाला तर तेवढंच फोल्डर उडवून पहिल्यापासून सुरू करता येतं.

पायरी ३ : बोल वाचणे

सॉफ्टवेअर उघडलं, पण 'धा धिं धिं धा'च्या जागी चौकोन किंवा डॉलर-स्लॅशची रांग दिसते. म्हणजे त्या जुन्या मराठी फॉन्टची फाइल मिळालेली नाही. ती शोधून त्या सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये टाका. ठेका पाठ असेल तर ही पायरी वगळावी. पाठ नसेल तर फॉन्ट शोधण्याआधी ठेका पाठ करावा, ते लवकर होईल.

पायरी ४ : तडतड

तबला वाजतो, पण मधून मधून तडतडतो. आवाज तुकड्यातुकड्यांनी साउंड कार्डकडे जातो आणि पुढचा तुकडा वेळेवर पोचला नाही की तडतड होते. सेकंदाला ४४,१०० नमुने असतील तर २५६ नमुन्यांचा तुकडा ६ मिलिसेकंदांचा आणि १,०२४ चा सुमारे २३. तुकडा मोठा केला की तडतड जाते, पण आवाज तेवढा उशिरा येतो. हवेत २३ मिलिसेकंदांत आवाज आठ मीटर जातो. म्हणजे तुम्ही हुतात्मा स्मृती मंदिराच्या रंगमंचावर आणि तबलजी खाली प्रेक्षकांत, असं समजा. नुसत्या ठेक्यावर गायचं असेल तर याची फिकीर नको, कारण तुम्ही कानाला ऐकू येईल त्याच्याशीच लय जुळवता. माइकमधून स्वतःचा आवाज परत ऐकायचा असेल तर मात्र हा उशीर जाणवतो.

पायरी ५ : माइक

काही सॉफ्टवेअर तुमचा सूर मोजतात. सोलापुरात मे महिन्यात हा प्रयोग पंखा बंद करून करता येत नाही. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते आणि पंख्याच्या घुमण्यात त्याच्या दुपटीनं, म्हणजे १०० कंपनांचा सूर असतो. पेटीवर पाहिलं तर ही खालच्या सप्तकातली पांढरी पाच, किंचित चढी. तुम्ही तोंड उघडण्याआधीच मीटरचा काटा तिथे जाऊन बसतो. पूर्व भागात राहत असाल तर शेजारच्या यंत्रमागाचा ठेका वर फुकट मिळतो.

पायरी ६ : कुलूप

सॉफ्टवेअरला यूएसबीची किल्ली लागत असेल तर वाईनपाशी बहुधा गाडी अडते. मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये अख्खं विंडोज बसवावं लागतं. त्याला परवाना हवा आणि चार जीबी रॅमची दोघांत वाटणी करावी लागते. मॅकवाल्यांनी हसू नये. २०१९ च्या कॅटालिनापासून तिथे ३२ बिटचे जुने प्रोग्राम बंद झाले आणि २०२० च्या एम१ पासून मॅकवर विंडोज बसवून देणारं बूट कँपही गेलं. वाईनचंच काम करणारं क्रॉसओव्हर आहे, पण ते पैसे देऊन घ्यावं लागतं.

पायरी ७ : जी पहिली असायला हवी होती

कोणाच्या तरी विंडोजच्या कॉम्प्युटरवर बसा. आपली पट्टी लावा. तीनताल तीन लयींत, विलंबित एकताल, झपताल, प्रत्येकी वीस मिनिटं ऑडिओ फाइल करून पेन ड्राइव्हवर घ्या. त्या लिनक्सवर, मॅकवर, फोनवर, टीव्हीवर कुठेही वाजतात. तान फसली की हळूच लय कमी करायचं बटण त्यात नाही. सातवी पायरी आवडत नाही ती यामुळेच.

दोष कोणाचा, हे कसं ओळखावं

काळी एक लावली, पण ऐकू येतं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधलं काहीतरी, आणि ठेकाही पळतोय: ४४,१०० ची फाइल ४८,००० च्या वेगानं वाजते आहे. सेटिंग बदला. या बिघाडात सूर आणि लय नेहमी एकदमच चढतात. तानपुरा जागच्या जागी आहे आणि फक्त सूर चढला, किंवा ठेका आहे तिथेच आहे आणि फक्त लय पळाली, तर भाच्याला फोन करू नये.