स्वस्ताईचा अपराध
विज्ञानाचा सामान्य माणसाला उपयोग काय, असा रोकडा सवाल जे विद्वान गृहस्थ जेवणोत्तर सुपारी कातरीत करतात, त्यांच्या सोयीसाठी एक किरकोळ दाखला सादर करतो. १९७१ साली पूर्व बंगालच्या निर्वासितांनी गजबजलेल्या बनगावात पटकीने थैमान घातले आणि शिरेतून द्यावयाच्या सलाइनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा कालवून ते रुग्णांच्या आप्तांकरवी पाजविले; कारण ग्लुकोजच्या शिफारशीवर मिठाला आतड्याच्या भिंतीतून प्रवेश मिळतो व त्यामागोमाग पाणी विनापरवाना शिरते, हे शरीराच्या दप्तरातले गुपित प्रयोगशाळांनी आधीच हुडकले होते. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली उतरले. तथापि ज्या औषधाला ना सुई, ना सोनेरी वेष्टन, ना डोळे पांढरे करणारे बिल, त्यावर अब्रूदार माणसाने विश्वास ठेवावा तरी कसा? सबब, विज्ञानाने यापुढे उपयुक्त होण्यापूर्वी महाग होण्याची तजवीज करावी, एवढीच आमची नम्र दरखास्त.