काटामारी

अकरावीत जाईपर्यंत माझी मान मळकी आहे, यावर आमच्या घरात एकमत होतं. दर रविवारी आई मला मोरीत पाटावर बसवायची आणि टाचा घासायची वजरी घेऊन मानेवर चालून यायची. त्याआधी बेसन-लिंबू झालं होतं, नारळाची शेंडी झाली होती, एकदा तर भांड्यांची घासणीही झाली होती. "बघ जरा, काहिलीचं बूड झालंय नुसतं," ती म्हणायची. 16 वर्षांचा, 84 किलो वजनाचा मुलगा मान खाली घालून बसलाय आणि आई त्याला कल्हई करतेय, हे दृश्य शेजारच्या काकू खिडकीतून बघायच्या आणि सल्ले द्यायच्या. काळेपणा मात्र तसाच. मखमलीसारखा, जाडसर, वळीवळीत बसलेला.

आमचं गाव करवीर तालुक्यातलं. चार एकर ऊस, दोन म्हशी आणि ओढ्याकाठी आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, गुऱ्हाळ. अशा घरात 84 किलोला कोणी लठ्ठपणा म्हणत नाही, 'अंगानं भरलाय' म्हणतात. मित्र मात्र मला 'काहील' म्हणायचे. गुऱ्हाळातली काहील ज्यानं पाहिली असेल, त्याला अधिक वर्णनाची गरज नाही.

गौरी-गणपती झाले आणि त्याच आठवड्यात माझा पाय मुरगळला. कशानं, तर सोफ्यावरून उठताना. डॉक्टर मॅडमनी पाय दोन मिनिटं बघितला आणि मान पाच मिनिटं. आई लगेच म्हणाली, "घासते हो मी, रोज घासते." मॅडम म्हणाल्या, "घासू नका. हा मळ नाही. शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं की मानेवर, काखेत असं काळं येऊ शकतं. रक्त तपासून घेऊ."

आईनं वजरीकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं ज्या नजरेनं पाहिलं असतं, ती नजर मला दवाखान्यातच दिसली. माफी मागावी की अजून एकदा घासून बघावं, याचा तिचा निर्णय होत नव्हता.

रिपोर्ट आला. उपाशीपोटी साखर 112, एचबीएवनसी 6.1. मॅडमनी कागदावर एक रेघ मारून समजावलं : एचबीएवनसी 5.7 च्या खाली म्हणजे ठीक, 6.5 पासून पुढं मधुमेह, आणि या दोन्हींच्या मधे पूर्वमधुमेह. उपाशीपोटीची साखर 100 च्या आत हवी, 126 पासून मधुमेह. "तू बांधावर उभा आहेस," त्या म्हणाल्या. "इकडंही उतरता येतं, तिकडंही." शेतकऱ्याच्या घरात बांधाचं उदाहरण देऊ नये. आबांनी पहिला प्रश्न विचारला, "बांध कुणाच्या हद्दीत येतोय?"

मग त्यांनी आकडा पुन्हा विचारला. आमच्या भागात ऊस किती गोड, हे 'उताऱ्या'वरून ठरतं. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली, तो उतारा. तो बाराच्या आसपास लागला की माणसं खूश असतात. "सहा पॉइंट एक?" आबा म्हणाले. "उतारा तर कमीच लागलाय की! मग रडतीयास कशाला?" आई खरंच रडत होती.

मॅडमनी वही काढून माझा दिवस विचारला. तीन चहा, प्रत्येकी तीन चमचे साखर. कॉलेजच्या कॅन्टीनला रोज एक थंड बाटली. संध्याकाळी वडापाव. रात्री रीळ बघत एक वाजेपर्यंत जागरण. गुऱ्हाळ चालू असलं की उसाचा रस. "किती?" "तांब्याभर." त्यांनी पेन खाली ठेवलं. उसाच्या रसात दहा-पंधरा टक्के साखरच असते. म्हणजे साध्या ग्लासात सहा-सात चमचे. तांब्याचा हिशेब त्यांनी माझ्यावर सोपवला. मी तो आजतागायत केलेला नाही.

व्यायामाचं विचारल्यावर मी गप्प. त्यांनी सांगितलं, मोठ्या माणसांना आठवड्याला 150 मिनिटं चाल पुरते, पण तुझ्या वयाला रोज एक तास अंग हललं पाहिजे. घरी येऊन मी गुणाकार केला. आठवड्याची 420 मिनिटं. पुढच्या तीन महिन्यांत मी या आकड्याला पुरेपूर जागलो.

पहिला आडमार्ग आबांनीच दाखवला. "साखर म्हंजी कारखान्याची. इख हाय ते. गूळ म्हंजी औषिध. तुला डाक्तरनं साखर बंद सांगितलीया, गूळ न्हाई." कायद्याच्या भाषेत याला पळवाट म्हणतात, आमच्याकडं संस्कृती. मी साखरेचा चहा सोडला आणि गुळाचा धरला. गूळ कमी गोड लागतो म्हणून खडा मोठा टाकायचो. गुळात थोडंफार लोह वगैरे असतं, हे खरं. पण बाकीचा बहुतेक भाग साखरच असतो, हे ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गूळ बनतो, त्या घराला माहीत नव्हतं असं नाही. फक्त कोणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

दुसरी व्यवस्था पप्पांनी केली. माझ्या फोनवर पावलं मोजणारं अ‍ॅप टाकलं आणि रोज दहा हजारांचा नेम घालून दिला. रात्री जेवताना फोन तपासायचे. पहिल्या दिवशी मी खरंच चाललो. स्टँडपर्यंत गेलो, तिथं मिसळीचा वास आला, कट जादा घेऊन खाल्ली आणि दमलो म्हणून वडापच्या जीपमधून परत आलो. पावलं 2,140.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात उभा असताना माझं लक्ष थोरल्या म्हशीकडं गेलं. चुलतभाऊ तिला रोज ओढ्याकाठी चारायला न्यायचा, सकाळी जायची ती उन्हं कलल्यावर यायची. मी फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला, वर फडकं बांधलं आणि तिच्या गळ्यात घंटेशेजारी अडकवला. संध्याकाळी आकडा आला 9,800. दुसऱ्या दिवशी 11,300. पप्पांनी आत्याला फोन करून सांगितलं, पोरगं सुधारलं. मला थोडं वाईट वाटलं, पण म्हशीचा अभिमानही वाटला.

पाचव्या दिवशी म्हशीला डोह दिसला. डोह दिसला की म्हशीचा जगाशी संबंध संपतो. दोन तास ती मानेपर्यंत पाण्यात बसली. तिच्याबरोबर माझी पावलंही बसली. फोन पुन्हा चालू झाला नाही.

"भिजला कसा?" पप्पांनी विचारलं.

"घामानं," मी म्हणालो.

पप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या मुलाला घाम आला होता. ते पाणी वाळायच्या आत चुलतभावानं सगळं सांगून टाकलं. मग जे झालं, त्यात मात्र मी खरोखर धावलो. मोजायला फोन नव्हता.

तिसरा प्रयोग तालमीचा. कोल्हापूर भागात पोरगं बिघडलं की तालमीत घालतात, हा उपाय साथीच्या रोगांपासून प्रेमभंगापर्यंत सगळ्यावर चालतो. वस्तादांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "सामान हाय. घडवाय लागंल." पैलवानाला दोन गोष्टी लागतात, मेहनत आणि खुराक. मेहनतीत मी पहिल्या दिवशी सात जोर मारले. सातवा मारला की पडलो, यावर दोन मतं आहेत. खुराक मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण घेतला. लिटरभर दूध, बदामाची थंडाई, तूप, केळी. शेकडो जोर-बैठका मारणाऱ्याचा खुराक सात जोरांवर जिरवायचा, हे काम माझ्या शरीरानं मनापासून केलं. वजन 84 चं 87 झालं. वस्ताद म्हणाले, "अंग धरतंय."

आणि अशात डिसेंबर आला. गुऱ्हाळ ऐन भरात. चरक फिरतोय, चिपाडं जळतायत, काहिलीत रस रटरटतोय, गुळव्या फेस काढतोय, आणि पहाटेच्या थंडीत गरम गुळाचा वास सगळ्या शिवारात पसरलाय. अशा ठिकाणी मला काकवी 'फक्त चाखायला' बसवलं. मी जबाबदारीनं चाखली. प्रत्येक आदणाची.

तीन महिन्यांनंतरची तपासणी चार दिवसांवर आली, तेव्हा पोटात गोळा आला. मी डोकं लढवलं. तीन रात्री नुसतं ताक पिऊन झोपलो. चौथ्या दिवशी रक्त दिलं. उपाशीपोटी साखर 97. जिंकलो! आबा बरोबर आले होते, त्यांच्याकडं बघून मी भुवई उडवली.

मॅडमनी दुसरी ओळ वाचली. एचबीएवनसी 6.3.

"उपाशीपोटीची तू घासून आणलीस," त्या शांतपणे म्हणाल्या. "ही कशी घासणार?" मग त्यांनी सांगितलं : रक्तातली साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि चिकटूनच राहते. पेशी साधारण 120 दिवस जगते. त्यामुळं हा आकडा कालच्या उपासाचा नसतो, गेल्या दोन-तीन महिन्यांचा असतो. "तुझं हिमोग्लोबिन ठीक आहे, म्हणजे आकड्यावर शंका घ्यायलाही फारशी जागा नाही."

आबा इतका वेळ गप्प होते. इथं आबांबद्दल एक सांगायला हवं. आबांनी पन्नास वर्षं कारखान्याला ऊस घातला आणि पन्नास वर्षं एकच तक्रार केली : काटा मारतात. गाडी आधी बाहेरच्या वजनकाट्यावर तोलून बघायची, मग आत न्यायची, मग भांडायचं. मोर्चे झाले, अर्ज झाले, पण ज्यावर आबांचा विश्वास बसेल असा काटा त्यांना कधी मिळाला नाही. ते खुर्चीत पुढं सरकले.

"म्हंजी मॅडम, ह्यो काटा मारता येत न्हाई?"

"नाही आजोबा."

"कुणालाच?"

"कुणालाच."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आख्खं आयुष्य गेलं असा काटा हुडकण्यात," ते म्हणाले, "आणि गावला तो नातवाच्या रगतात."

त्या काट्याचा मान म्हणून त्यांनी स्वतःचंही रक्त दिलं. वय 71, रोज जेवणानंतर गुळाचा खडा. एचबीएवनसी 5.4. मला हा अन्याय वाटला. घरात काटामारी आता आबा करतायत, असं मी उघड म्हणालो. आबा म्हणाले, "रातच्याला ये माझ्यासंगं."

त्या आठवड्यात शेताची लाईट रात्रीची होती. साडेअकराला आम्ही उसाला पाणी पाजायला निघालो. हातात खोरं, डोक्याला बॅटरी. एक सरी भरली की दारं मोडायचं, दुसरीला लावायचं, मग वरच्या पाटावर जाऊन पाणी फुटलं का बघायचं, परत खाली. चिखलात पाय रुतायचा, तो उपसून पुढं टाकायचा. एका तासात मी बांधावर आडवा झालो. आबा पहाटे चारपर्यंत चालत होते. सकाळी वैरणीचा भारा आणला, धारा काढल्या, मग चहा प्यायले आणि त्याबरोबर गुळाचा खडा खाल्ला. तो खडा बघताना मला सगळं उमगलं. गूळ दोघांचा एकच होता. आबा खडा खाऊन ऊस तोडायला जायचे, मी खडा खाऊन दुसरा खडा शोधायचो.

मग हळूहळू बदल केले, सगळे बिनविनोदी. म्हणून थोडक्यात सांगतो. चहा एकच, बिनसाखरेचा. पहिले आठ दिवस तो काढ्यासारखा लागतो, नववा दिवस गेला की गोड चहाच पाकासारखा लागतो. थंड बाटली बंद. रस बंद, ऊस दातांनी सोलून कधीतरी एक कांडं. ताटात आधी भाजी, उसळ, मग भाकरी, भात शेवटी आणि वाटीभरच. जेवल्यावर अर्धा तास आबांबरोबर शतपावली, कारण स्नायू हलले की रक्तातली साखर तेच खेचून घेतात. अकराला झोप. तालीम सोडली नाही, खुराक सोडला. आता पंचवीस जोर मारतो आणि पंचविसाव्यावर मतभेद नाहीत. आणि रोज दुपारी कॉलेजहून आलो की थोरल्या म्हशीला चारायला मीच नेतो. मी तिचं देणं लागत होतो. ती डोहात बसली की मी काठावर बैठका मारतो. ती माझ्याकडं ज्या नजरेनं बघते, त्यात जुना हिशेब असतो.

आबांनी स्वतःच्या बाजूनं एकच बदल केला. गुऱ्हाळावर कोणी 'गूळ औषध' म्हटलं की ते म्हणतात, "खरं हाय. पण औषिध किती घ्यायचं, ते डाक्तर सांगतोय."

एप्रिलमध्ये पुन्हा रक्त दिलं. आदल्या रात्री नेहमीसारखा जेवलो होतो. वजन 79. एचबीएवनसी 5.8. मॅडम म्हणाल्या, छान. मी म्हणालो, अजून 0.1 वर आहे. आबा म्हणाले, "एक कणी इकडं न्हाई, एक कणी तिकडं न्हाई. काटा म्हंजी असा." घरात पहिल्यांदाच कुणी वजनाच्या पावतीवर भांडण न करता सही केली.

मी अजून बांधावरच आहे. एक पाय इकडं उतरलाय, एवढंच. मानेचा काळेपणा थोडा फिकट झालाय, पूर्ण गेलेला नाही. आईनं वजरी टाचांना परत केली आहे, पण शेजारच्या काकूंच्या मुलाची मान आता त्या घासायला लागल्यात, हे मला खिडकीतून दिसतं. परवा जाऊन सांगून आलो, तेच इथंही सांगतो : घरातल्या पोराच्या मानेवर अशी काळी, मखमली वळी दिसली तर त्याला मोरीत बसवू नका. आधी रक्त तपासून घ्या.