मुक्ताईवाला भाऊ

ब्रह्मपुरीत कॉलेजं पुष्कळ, आणि प्रत्येक कॉलेजात एक मुक्ताईवाला भाऊ. हजेरीपटावर त्याला शोधू नये. एम. ए. मराठी झालं, इतिहास झालं, आता राज्यशास्त्र चालू आहे. मधे पोलीस भरती अर्ध्या सेकंदाने हुकली, असं तोच सांगतो. २०११ साली आमच्या भागातून नागपूर विद्यापीठ गेलं, गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ आलं. गुणपत्रिकेवरचं नाव बदललं, भाऊची ट्रिप बदलली नाही. पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन आटोपलं की गेटवर स्प्लेंडर आडवी लावून तो ओरडणार, "चला बे, कोन कोन येऊन रायले मुक्ताईले?"

मुक्ताई म्हणजे चिमूर तालुक्यातल्या डोम्याजवळचा धबधबा. पुण्याच्या पोरांना भुशी, साताऱ्याच्या पोरांना ठोसेघर. आम्हा झाडीपट्टीवाल्यांना ही एक धार, तीही पावसाळ्यापुरती. भाऊला मात्र हे मान्य नाही. त्याच्या लेखी धार बारमाही आहे आणि उंची दरसाल दहा फुटांनी वाढते. मी पहिल्या वर्षाला होतो तेव्हा पन्नास फूट सांगायचा, माझं बी. ए. होईस्तोवर ऐंशीवर गेली. (मला चार वर्षं लागली.)

निघायची वेळ नऊ. निघतो अकराला, कारण भाऊचा खर्रा घोटून व्हायचा असतो. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून पानठेलेवाला पाटीवर रगडत असतो आणि भाऊ त्याच्या हाताकडे डोळा ठेवून उभा, जसा वधूपिता आचाऱ्याच्या कढईजवळ. तिथे घाई करणाऱ्याला तो ट्रिपमधून कमी करतो.

नागभीड मागे पडतं, कान्प्याला आलूबोंडा-तर्री होते, आणि मग दोन्ही अंगांना बांध्या. रोवणा संपत आलेला. ओळीने वाकून पऱ्हे लावणाऱ्या बायांतली एखादी आमच्या गाड्या पाहून कंबर सरळ करते.

"कुठी चालले रे बाबू?"

"पानी पाहाले, मावशी!"

"पानी पाहाले? ये ना मंग आमच्या बांधीत. घुडघाभर हाये, फुकटात पाय."

बांधीभर हसू. आम्हीही हसतो. भाऊ तेवढा हसत नाही. घरी दीड एकर धान आहे, आणि सकाळी निघताना मायनेही त्याला हेच ऐकवलेलं असतं.

मुक्ताई हे माना समाजाचं श्रद्धास्थान. तिथे पोचलं की भाऊचा आवाज आपोआप खाली येतो. "चपला काढा बे," एवढंच. मग सगळे धारेखाली, आणि भाऊ खडकावर. मांडीत अकरा मोबाइल, भोवती बावीस चपला. चार वर्षांत मी त्याला भिजलेलं पाहिलं नाही. विचारलं तर म्हणणार, "आपन पाह्यलं आहे बे." कोणी म्हणे पोहता येत नाही, कोणी म्हणे खर्रा ओला होतो. तिसऱ्या वर्षी एक नवखा पोरगा सेल्फी काढता काढता शेवाळावरून घसरला. अकरा मोबाइल दगडावर सोडून भाऊ गुडघाभर पाण्यात कधी उतरला ते कळलंच नाही. कॉलर धरून त्याला वर ओढलं, एक कानाखाली वाजवली आणि पुन्हा जागेवर येऊन बसला. खर्रा कोरडा होता, मी पाहिलं.

चार वाजले की भाऊ उठतो. "चला, वाघाचा टाइम झाला." त्याच्या बाकी सगळ्या गोष्टींतून निम्मं वजा करावं, या एका गोष्टीतून नाही. इकडचं घोडाझरीचं जंगल २०१८ साली अभयारण्य झालं खरं, पण वाघांनी त्या कागदाची वाट पाहिली नव्हती. पाच मिनिटांत सगळे गाडीवर.

तर तुम्ही कधी पावसाळ्यात मुक्ताईला गेलात आणि खडकावर मोबाइलांचा ढीग मांडीत घेऊन कोणी बसलेला दिसला, तर तुमचाही त्याच्याजवळ खुशाल द्या. सुखरूप मिळेल. चपला मात्र झाडाखाली वेगळ्या ठेवा. मी एकदा एका पायात निळी आणि एका पायात तपकिरी घालून ब्रह्मपुरीला आलो, आणि दोन्ही डाव्या होत्या.