सही जुळत नाही

१९०५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या प्रीमियर खाणीत एक हिरा सापडला. खाणमालकाच्या नावावरून त्याचं नाव पडलं कलिनन. वजन ३,१०६ कॅरेट, म्हणजे सहाशे ग्रॅमहून जास्त. एवढा ऐवज लंडनला न्यायचा कसा, यावर बराच खल झाला. शेवटी बोटीवर एक पेटी चढली, थेट कप्तानाच्या तिजोरीत गेली आणि डिटेक्टिव्ह मंडळी डोळ्यांत तेल घालून तिच्यावर पहारा देऊ लागली. पेटीत होता खोटा खडा. खरा हिरा साध्या खोक्यात बांधून रजिस्टर पोस्टाने रवाना झाला होता. तो बिनबोभाट पोचला.

डोंबिवलीत राहणाऱ्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांची ही अत्यंत आवडती गोष्ट. रजिस्टर टपाल सही घेऊनच हाती देतात, म्हणजे पहारेकऱ्यांपेक्षा सही श्रेष्ठ, असं त्यांचं मत. त्यांची उभी हयात चेकवरची सही नमुना सहीशी ताडून बघण्यात गेली. 'सही जुळत नाही' हा शेरा त्यांनी इतक्या चेकांवर मारला की शाखेत त्यांचं नावच तसं पडलं होतं. वेलांटीचा फाटा नेहमीपेक्षा आखूड निघाला म्हणून त्यांनी शाखाधिकाऱ्यांच्या सासऱ्यांचा चेक परत पाठवला होता, आणि पुढे त्यांची बदली झाली ती त्याच कारणाने, असं त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, अजून सांगतात.

मुलगी फ्रँकफर्टला. ती अधूनमधून पार्सल धाडते. काकूंचं लक्ष चॉकलेटांकडे, काकांचं खोक्यावरच्या नंबराकडे.

या नंबरात मौजही आहे. सुरुवातीला दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं, अशी तेरा घरं. पहिलं अक्षर मालाची जात सांगतं: 'आर' असेल तर रजिस्टर, 'ई' असेल तर परदेशी स्पीड पोस्ट, 'सी' असेल तर पार्सल. जर्मनीचा माल 'डीई'वर संपतो, आपला 'आयएन'वर. नऊ आकड्यांतले आठ खरे, नववा त्यांच्यावर नेमलेला चौकीदार. समजा आठ आकडे १२३४५६७८ आहेत. त्यांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं. बेरीज येते २०४. तिला ११ ने भागलं की बाकी ६ उरते. ती ११ मधून वजा केली की ५. म्हणजे नववा आकडा पाचच हवा. कुणी टाइप करताना एखादा आकडा चुकवला की बहुतेक वेळा हिशेब फिसकटतो आणि संगणक तिथल्या तिथे हटकतो. हे गणित काकांना कळलं तेव्हापासून पार्सल आलं की चहाच्या आधी कागद-पेन्सिल बाहेर येते. ताळा जमला की ते समाधानाने म्हणतात, "बरोबर आहे." जसं काही नाहीतर ते पार्सल परतच पाठवणार होते.

या सगळ्याचं मूळ स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये. तिथे ९ ऑक्टोबर १८७४ रोजी २२ देशांनी करार करून जागतिक टपाल संघटना उभी केली. त्याआधी ज्या-त्या देशाने ज्या-त्या देशाशी वेगळा करार करायचा आणि पत्रावर वाटेतल्या प्रत्येकाचा दर चढवायचा, असा कारभार होता. भारत १८७६ मध्ये सामील झाला. संघटनेची अधिकृत भाषा तेव्हापासून फ्रेंच, त्यामुळे परदेशी पार्सलावरच्या कस्टमच्या फॉर्मवर फ्रेंच ठाण मांडून बसलेली असते. ती लिहिणाऱ्याला येत नाही, वाचणाऱ्याला येत नाही, आणि दोघांचंही काही अडत नाही.

फ्रँकफर्टचं पार्सल मुंबईत उतरलं की त्याची वाट परदेशी टपालाच्या कचेरीतून जाते. ही कचेरी बॅलार्ड इस्टेटमध्ये, विदेश डाक भवनात. एकाच छपराखाली पोस्टवाले आणि कस्टमवाले. पोस्टवाल्यांचा धर्म बंद वस्तू बंदच पोचवण्याचा, कस्टमवाल्यांचा ती उघडून बघण्याचा. दोघांचा संसार तरीही वर्षानुवर्षं सुखाने चालू आहे. थैली उघडली, नग यादीशी ताडले, क्ष-किरणांखालून गेले, संशय आला तर खोकं उघडून पुन्हा चिकटपट्टी मारली. ड्यूटी बसली तर ती पोस्टमनने दारात वसूल करायची. जागोजागी यादी, जागोजागी नोंद. नग एका हातातून दुसऱ्या हातात गेला की देणारा सुटला आणि घेणारा अडकला. बँकेतल्या कॅशचंही हेच शास्त्र, त्यामुळे काकांना ही साखळी मनापासून पटते.

मुलीने पूर्वी एकदा फॉर्मवर 'भेट' असं लिहिलं होतं. काकांनी तिला फोनवर लगेच समज दिली. डिसेंबर २०१९ मध्ये आपल्या सरकारने भेट म्हणून टपालाने किंवा कुरिअरने येणाऱ्या वस्तूंची सवलत काढून घेतली. ड्यूटी भरा आणि खुशाल मागवा, पण 'भेट आहे हो' म्हणून फुकट सोडवायची नाही. अपवाद दोनच, जीवरक्षक औषधं आणि राखी. तीही नुसती राखी. राखीबरोबरची भेटवस्तू नाही, असं आदेशात स्पष्ट लिहिलेलं आहे. बहिणीचं प्रेम ड्यूटीमाफ, तिने सोबत घातलेलं घड्याळ नाही.

आता शेवटचा टप्पा, दार.

पूर्वी या भागात एक जुने पोस्टमन होते. कुणाची मुलगी कुठे असते, कोण दुपारी झोपतं, कुणाच्या घरी किल्ली कुठे ठेवतात, सगळं त्यांना पाठ. ते खालूनच हाक मारायचे, "काकू, जर्मनी आली!" काकू पदराला हात पुसत यायच्या, त्यांनी पुढे केलेल्या कागदावर घरातल्या नावाने, माहेरच्या आडनावाने, जमेल तशी सही करायच्या. ते कधी बघायचेही नाहीत. सही कागदासाठी होती, पार्सल काकूंसाठी होतं. काकांना हे अजिबात पसंत नव्हतं. "उद्या वाद झाला तर?" ते विचारायचे. वाद कधीच झाला नाही, याचं त्यांना थोडं वाईटच वाटत असावं.

ते पोस्टमन निवृत्त झाले आणि बीटवर नवा मुलगा आला. हातात मोबाइल. त्याने खोक्यावरचा बारकोड टिपला, काकांचं नाव विचारलं, ओळखपत्र बघितलं. काका खूश. एवढ्यात त्याने मोबाइल पुढे धरला. "काका, इथे सही करा. बोटाने."

काकांनी चष्मा लावला. तर्जनी टेकवली. पहिलं अक्षर निघालं ते पडद्याच्या कडेला जाऊन आपटलं. वेलांटी द्यायला जागाच उरली नाही. खालची रेघ, जी बँकेत डावीकडून उजवीकडे ऐटीत जायची आणि शेवटी दोन टिंबं घेऊन थांबायची, ती मध्येच तुटली. टिंबांपैकी एक उमटलं, दुसरं चुकून बटणावर पडलं आणि सगळंच पुसलं गेलं. दुसऱ्या खेपेला जे उमटलं ते मोडलेल्या जिलबीसारखं दिसत होतं.

"झालं," पोरगा म्हणाला.

"झालं काय? ही माझी सही नव्हे."

"तुम्हीच केलीत ना?"

"मी केली. पण जुळत नाही."

"कशाशी जुळवायची, काका? आमच्याकडे नमुना कुठाय?"

यावर काकांकडे उत्तर नव्हतं. तेरा घरांचा नंबर, चौकीदार आकडा, बर्नचा करार, बॅलार्ड इस्टेटच्या याद्या, एवढी तटबंदी उभारून शेवटी जी सही घ्यायची, ती कुणी कशाशीच ताडत नाही, हे चाकरीतल्या कुठल्याही गैरव्यवहारापेक्षा त्यांना जास्त लागलं. दोन दिवस ते फारसे बोलले नाहीत. काकूंनी चॉकलेटं संपवली.

सही मिळत नाही तेव्हाची तऱ्हा आणखी वेगळी. त्यासाठी पोस्टमनपाशी ठरलेले शेरे असतात: दार बंद, पत्ता अपुरा, घेण्यास नकार. यातला नकार सगळ्यात गाजला तो लंडनमध्ये, २३ फेब्रुवारी १९०९ रोजी. मताधिकार मागणाऱ्या डेझी सॉलोमन आणि एल्स्पेथ मॅक्लेलंड या दोन बायकांनी स्वतःलाच एक्स्प्रेस टपालाने पंतप्रधान ॲस्क्विथ यांच्या नावे पाठवलं. तेव्हाच्या नियमांत माणूस 'पोचवण्याची' सोय होती. रीतसर पैसे भरले, तारवाला पोऱ्या सोबत निघाला, तिघं डाउनिंग स्ट्रीटवर १० नंबरच्या दारात. आतून माणूस आला आणि म्हणाला, तुम्ही बेवारस टपाल आहात, परत जा. ताबा घेणारच कुणी नाही म्हटल्यावर सही कोण देणार? या प्रसंगाचे कागद लंडनच्या पोस्टल म्युझियममध्ये आहेत. काकांना त्यात दोष फक्त ॲस्क्विथ यांचा दिसतो. नकार द्यायचा तर द्या, पण नकारावर सही करून द्या.

आणि २०२० च्या मार्चमध्ये तर जगभरातल्या कित्येक टपालखात्यांनी ग्राहकाची सही घेणंच बंद केलं. ब्रिटनमध्ये, अमेरिकेत पोस्टमन वस्तू उंबऱ्यावर ठेवून लांबून नाव विचारू लागले आणि नोंद आपणच करू लागले. पार्सलं पोचतच राहिली. ही बातमी काकूंनी मोठ्याने वाचली. काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दिवाळीला टपालाची दिशा उलटी होते. महाराष्ट्रातून फराळाचे डबे बाहेर निघतात. २०२५ साली अमेरिकेच्या मंडळींचे मात्र हाल झाले. तिकडे जकातीचे नियम बदलले म्हणून आपल्या टपालखात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची पार्सलं घेणं थांबवलं, ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केलं. लक्ष्मीपूजन होतं २१ ऑक्टोबरला. शेजारच्या बिऱ्हाडाने न्यू जर्सीला पाठवलेली चकली तुळशीच्या लग्नाला तरी पोचेल का, याची चर्चा जिन्यात चालली होती. जर्मनीची वाट मोकळी होती, पण युरोपला टपालाने दुधाचे पदार्थ चालत नाहीत म्हणून तुपाची बरणी घरीच राहिली. ४५ युरोपर्यंतची घरगुती भेट मात्र तिकडे करमुक्त. हे वाचून काका म्हणाले, "लोक बरे आहेत."

फ्रँकफर्टला पार्सल पोचलं, आणि मुलीने सहज सांगितलं की ती ऑफिसला होती म्हणून सही खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी केली. तिकडे घर बंद असेल तर पार्सल शेजाऱ्याकडे देण्याची राजरोस पद्धत आहे. पेटीत तशी चिठ्ठी टाकून जातात.

"कुठले आजोबा? तुझं त्यांना अधिकारपत्र आहे?"

"बाबा, ते शेजारी आहेत."

"आणि माल मोजून घेतलास?"

"घेतला. त्यांना चार चकल्या दिल्या. पुढचं पार्सल कधी येणार म्हणून विचारत होते."

पुढच्या खेपेला काकूंनी एक लहान डबा वेगळा भरला. काका म्हणाले, "पार्सल मुलीच्या नावाने आहे. त्यात तिसऱ्या माणसाचा माल घालता येत नाही." काकू म्हणाल्या, "अहो, सही कोण करणार आहे?" डबा आत गेला. वजनाच्या मर्यादेपायी शंकरपाळ्यांची एक पिशवी बाहेर आली.

पोस्टाच्या खिडकीत कस्टमच्या फॉर्मसाठी क्लार्कने संगणकावर बोटं ठेवून विचारलं, "आत काय काय?"

काकांनी यादी वाचली, "चकली, कडबोळी, शंकरपाळे, आणि एका शेजाऱ्याचा सही करण्याचा मेहनताना."

"एवढं रकान्यात मावत नाही," क्लार्क म्हणाला. "स्नॅक्स लिहितो."